उधन्याची इस्त्री आणि गावचा प्लग

सुरतेहून मुंबईच्या दिशेने निघाले म्हणजे लगेच लागणारे स्थानक ते उधना. येथूनच एक लोहमार्ग पूर्वेस वळतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव अशी गावे घेत जळगावास पोहोचतो. या मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आली आणि तेथेच स्थिरावली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील गल्ल्यांतून आजही मराठी व अहिराणी बोलणे सहज कानी पडते, आणि त्याच्या जोडीला लूमच्या खात्यांचा अखंड खडखडाट असतोच.

ही गाडी परत जाताना मात्र रिकामी जात नाही. होळीला, दिवाळीला किंवा लग्नसराईत घरी निघालेल्या तरुणाच्या हाती एखादे खोके असतेच. आईसाठी मिक्सर, वडिलांसाठी टेबलफॅन, बहिणीच्या संसारासाठी इस्त्री. मुलाने आपल्या कमाईतून आणलेली ती वस्तू घरात मोठ्या कौतुकाने ठेवली जाते, शेजारीपाजारी येऊन पाहून जातात. ती वस्तू चालते की नाही, हे लगेच पाहिले जाते. ती सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

घरातील दिवे, पंखे व भिंतीतील तारा एकदा बसविल्या म्हणजे सहसा कोणी त्यांना हात लावीत नाही. हातात धरून वापरावयाच्या किंवा इकडून तिकडे हलवावयाच्या उपकरणांची गोष्ट वेगळी. इस्त्रीची वायर रोज वाकते, पिळली जाते, गरम तळाला चिकटते. मिक्सरची वायर ओट्यावरील पाण्यातून ओढली जाते. टेबलफॅन उचलताना पुष्कळदा वायरीलाच धरून उचलतात. यामुळे वायर जेथे उपकरणात शिरते, ती मान प्रथम झिजते. आत तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटत जातात, वरचे रबर भेगाळते, आणि एके दिवशी उघडी तार उपकरणाच्या पत्र्याला आतून टेकते. बाहेरून काहीच दिसत नाही. इस्त्री पूर्वीसारखीच तापते. फरक एवढाच की आता तिच्या अंगावर २३० व्होल्टचा दाब उभा असतो, आणि हात लावणाराची ती वाट पाहत असते.

पुष्कळांची समजूत अशी असते की घरात फ्यूज आहे किंवा नव्या धर्तीचा एमसीबी आहे, तेव्हा भीती कसली? ही समजूत घातक आहे, आणि तिचे कारण नीट ध्यानात घेतले पाहिजे. फ्यूज हा वायरीचे रक्षण करण्यासाठी असतो, माणसाचे नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे जाऊ देतो. माणसाला किती लागतो? कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग करून असे दाखविले की, हातातून सरासरी सोळा मिलिअँपिअर प्रवाह गेला तर पुरुषाला आणि साडेदहा मिलिअँपिअर गेला तर स्त्रीला हातातील वस्तू सोडता येत नाही. स्नायू आवळले जातात व मूठ आपोआप घट्ट होते. सोळा मिलिअँपिअर म्हणजे त्या एमसीबीच्या मर्यादेचा हजारावा भाग! वीज माणसाला ‘धरून ठेवते’ असे आपल्याकडे म्हणतात ते यामुळेच. प्रवाह याहून वाढला व छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते. नऊ वॉटचा एक लहानसा एलईडी दिवा चाळीस मिलिअँपिअर किंवा त्याहून थोडा अधिक प्रवाह घेतो. एवढा प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो. ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा अवरोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्यातून जाणारा प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर. फ्यूजला याची खबरही लागत नाही.

मग माणसाचे रक्षण कोण करते? पहिला रक्षक आहे प्लगमधील तिसरी, जाड पिन. ही पिन एका हिरव्या, किंवा हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, तारेने उपकरणाच्या धातूच्या अंगाशी जोडलेली असते. प्लग सॉकेटमध्ये घातला म्हणजे ती भिंतीतील अर्थिंगच्या तारेला आणि तेथून जमिनीत पुरलेल्या नळीला जाऊन मिळते. आतली तार पत्र्याला टेकली की प्रवाहाला जमिनीकडे जाण्यास मोकळी वाट मिळते, तो एकदम मोठा होतो, आणि आता मात्र फ्यूज उडतो. माणसाचा हात लागण्यापूर्वीच उपकरण बंद पडते. ही तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवली आहे तीही विचारपूर्वक. प्लग घालताना ती आधी जोडली जाते व काढताना शेवटी सुटते.

आता आपल्या घरांत काय चालते ते पाहा. सॉकेट दोन भोकांचे असले की तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, किंवा प्लगच फेकून नुसत्या तारा भोकांत खुपसतात व काडीने घट्ट बसवितात. भाड्याच्या खोल्यांतून तर आणखी एक प्रकार आढळतो. सॉकेटला तीन भोके असतात, परंतु तिसऱ्या भोकामागे तारच नसते. भिंतीवर रंगविलेल्या दाराने बाहेर पडता येईल काय? तसेच हे. खेड्यांतील जुन्या घरांतही असे सॉकेट मोठ्या संख्येने आहेत, आणि उधन्याहून आलेली नवीकोरी इस्त्री नेमकी अशाच सॉकेटात घातली जाते. इस्त्री चांगली असली तरी तिचा रक्षक घराबाहेरच उभा राहिला!

याहून वाईट युक्ती काही अर्धशिक्षित वायरमन करतात. अर्थिंगची तार नाही म्हणून ते सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांची भोके एका तुकड्याने जोडून देतात. वरवर सर्व ठीक दिसते. परंतु ज्या दिवशी न्यूट्रलची तार कोठे सैल होते किंवा तुटते, त्या दिवशी घरातील अशा प्रत्येक उपकरणाच्या अंगावर पूर्ण दाब येतो. फ्रिजचे दार, मिक्सरची कड, कूलरचा पत्रा, सारे एकदम जिवंत होतात. घरात असे केलेले असल्याची नुसती शंका आली तरी त्याच दिवशी परवानाधारक वायरमनला बोलवावे. हा कामचुकारपणा नव्हे, गुन्हाच म्हटला पाहिजे.

आता कारखान्याकडे वळू. लूमच्या खात्यातील यंत्रे जागेवर पक्की असतात. त्यांच्या मोटारींना अर्थिंग असते, निदान असावयास हवे. धोका बहुधा भोवतालच्या किरकोळ वस्तूंत लपलेला असतो: उकाड्यामुळे दोन यंत्रांच्या मध्ये आणून ठेवलेला उभा पंखा, यंत्राखाली वाकून दुरुस्ती करताना धरलेला हातदिवा, ड्रिल, कापडाच्या घडीची इस्त्री, पाणी उपसण्याची लहान मोटार. या वस्तू कोणा एकाच्या नसतात. दिवसपाळीचा कामगार जातो, रातपाळीचा येतो, आणि वायरीला गेलेला तडा दोघांनाही दिसतो. पण तो आपल्या अखत्यारीतला नाही असे दोघांनाही वाटते. हवा दमट, अंगावर घाम, चोहोकडे लोखंडी सांगाडे. हातदिव्याच्या पिंजऱ्यात वीज उतरलेली असेल आणि पाठ लोखंडाला टेकलेली असेल, तर प्रवाहाची वाट थेट छातीतूनच जाते. शिवाय कृत्रिम धाग्याची तलम फुंकी मोटारीच्या जाळीत बसते, हवा कोंडते, मोटार तापते. हा धागा जळताना वितळतो व कातडीला चिकटतो, हे त्या धंद्यातल्या माणसांना सांगावयास नकोच.

हलत्या उपकरणांचा धोका कायद्यालाही ठाऊक होता. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच असे सांगितले होते की, हलविता येणाऱ्या यंत्रांच्या लवचीक वायरी जाड आवरणाच्या व मार लागणार नाही अशा असाव्यात. पुढे २०१० साली केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले, आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. कोणाला विजेचा अपघात झाला तर चोवीस तासांच्या आत विद्युत निरीक्षकाला कळविणे बंधनकारक आहे. कामाच्या जागी साधने धड ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, ही गोष्ट कामगाराच्या घरच्यांनाही माहीत असावी. ‘त्याचीच चूक झाली’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत फार सोपी आहे.

या बाबतीत इंग्लंडात जी व्यवस्था आहे ती पाहण्यासारखी आहे. तेथे १९८९ साली कामाच्या ठिकाणच्या विजेविषयी नियम झाले, आणि कचेऱ्या, शाळा, कारखाने यांतील प्रत्येक किटली, इस्त्री, दिवा ठरावीक काळाने तपासून त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. ऑस्ट्रेलियातही अशीच चिठ्ठी वायरीला बांधतात. गंमत अशी की, दर वर्षी तपासलेच पाहिजे असे इंग्लंडचा कायदा कोठेही म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की उपकरण सुरक्षित स्थितीत ठेवा. किती वेळा तपासावे हे वापरावर अवलंबून असते. बांधकामावरील ड्रिल वारंवार, कचेरीच्या कोपऱ्यातील दिवा क्वचित. तेथील अनुभवाचे सार असे की बहुतेक दोष यंत्राविना, केवळ डोळ्यांनी नीट पाहिले तरी सापडतात. खेड्यातील गृहिणीला याहून चांगली बातमी कोणती?

तेव्हा महिन्यातून एक दिवस ठरवावा. प्लग काढून उपकरण उजेडात घ्यावे. प्लग लावलेला असताना तपासणी करू नये. वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून हळूहळू सरकवावी. भेग, फुगवटा, करपलेला डाग, चिकटपट्टी लावलेला जोड, आतल्या रंगीत तारांचे दर्शन, यांपैकी काहीही आढळले तर ती वायर बदलावयाची. तिच्यावर आणखी एक पट्टी गुंडाळून भागत नाही. दोन्ही टोकांच्या माना विशेष पाहाव्यात. प्लगवर पिवळट किंवा काळा डाग असेल, पिना ढिल्या असतील, तर आत जोड सैल होऊन उष्णता होत आहे असे समजावे. वास हाही मोठा साक्षीदार आहे. जळक्या रबराचा वास एकदा आला आणि गेला, म्हणजे दोष गेला असे नव्हे. उपकरणाला हात लावताना बारीक झिणझिण्या येत असतील तर ‘थोडे चालायचेच’ असे म्हणू नये. कोरड्या पायाला ज्या झिणझिण्या वाटतात, त्याच ओल्या पायाला मरण ठरतात.

टेस्टरवर फार विसंबू नये हेही येथे सांगितले पाहिजे. त्याचा दिवा पेटला तर वीज आहे हे खरे. परंतु लाकडी स्टुलावर उभे राहून पाहिले तर वीज असूनही तो न पेटण्याचा संभव असतो.

ज्या कसोट्या डोळ्यांनी होत नाहीत त्या वायरमनने करावयाच्या. त्या मुख्यतः दोन. प्लगच्या जाड पिनेपासून उपकरणाच्या धातूच्या अंगापर्यंत तार अखंड आहे की नाही, हे मीटरने पाहावयाचे. अवरोध ओहमच्या लहानशा अंशाएवढाच यावा. दुसरी कसोटी मेगर या यंत्राने. ते ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांवरील आवरणातून किती वीज झिरपते हे दाखविते. आपल्या नियमांनुसार हा अवरोध निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, असावा. चांगल्या उपकरणात तो याच्या कितीतरी पट भरतो. हे काम काही मिनिटांचे आहे. गावात वायरमन येईल त्या दिवशी दहा घरांनी आपापल्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे एका ओट्यावर आणले, तर त्यालाही परवडेल आणि घरांनाही. ज्या उपकरणावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी आवरण असते व अर्थची गरज नसते. त्याचा प्लग दोन पिनांचा असला तरी तो दोष नव्हे.

पाणी तापविण्याच्या कांडीविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. दीड हजार वॉटची कांडी साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. लहान सॉकेट सहा अँपिअरचे. तिला मोठ्या सॉकेटाचीच जागा हवी. प्लग बदलून लहान सॉकेटात बसविणे म्हणजे हळूहळू भिंत पेटविणे. बटन बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये, ‘किती तापले ते पाहू’ म्हणून तर नाहीच. आणि खानदेशच्या उन्हाळ्यातील तो पत्र्याचा कूलर! पत्र्याचे अंग, आत पाणी, खाली ओली जमीन, अनवाणी मुले, आणि मोटारीला जोडलेली उघड्यावरची वायर. धोक्याला जे जे लागते ते सारे एका जागी आणून ठेवलेले असते. कूलरला अर्थिंग नसेल तर तो लावू नये, हे आम्ही निःसंकोचपणे सांगतो, उकाडा सोसवतो. पाणी भरताना प्लग बाहेर, हा नियम मुलांना पाढ्यांसारखा पाठ करवावा. नाताळात गोठ्यावर आणि अंगणातल्या ताऱ्यावर सोडलेल्या दिव्यांच्या माळांनाही हेच लागू आहे. गेल्या वर्षीची माळ पेटीतून काढली की आधी तिच्या वायरीवरून बोटे फिरवावीत, आणि ती लोखंडी फाटकावर गुंडाळू नये.

अर्थिंग नवी करावयाची असल्यास अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली नळी जमिनीत उभी पुरतात व भोवती कोळसा आणि मीठ भरतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा उपयोग कमी होतो, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. तुळशीला घालतात, मोगऱ्याला घालतात, तसे या नळीलाही एक तांब्या.

दुसरा रक्षक म्हणजे आरसीसीबी. डॅल्झील यांनीच १९६१ साली याच जातीचे एक साधन अमेरिकेत तयार केले. जाणारा व परतणारा प्रवाह हे साधन सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात आहे, तर ते तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. साधारण मिक्सरच्या किमतीत ते घरात बसते. त्यावर एक चाचणीचे बटन असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पावसाळ्यात ते वारंवार पडू लागले तर वैतागून ते काढून टाकण्याची आपली रीत आहे. वारंवार पडते याचा अर्थ ते बिघडले असाच नसतो. बहुधा घरातील एखादे उपकरण झिरपत असते. एकेक प्लग काढून पाहिले तर अपराधी सापडतो.

खरेदीच्या वेळी आयएसआय खूण पाहावी. इस्त्री, पाण्याची कांडी, गिझर यांसारख्या वस्तूंना ही खूण सरकारने सक्तीची केली आहे. खुणेजवळ परवान्याचा क्रमांक असतो, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील साधनात तो घालून खरेखोटे पडताळता येते. उधन्याच्या पदपथावरून स्वस्तात आणलेल्या इस्त्रीवर ही खूण नसेल, तर ती भेट घरी नेण्यापेक्षा तेवढ्या पैशांचे कापड न्यावे.

एवढे करूनही कोणी विजेला चिकटला तर? त्याला हाताने ओढू नये, ओढणाराही चिकटतो. प्रथम मुख्य बटन बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर सारावी. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहावे, आणि कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुजरात व महाराष्ट्र दोन्हीकडे तोच क्रमांक आहे. माणसाला मातीत किंवा शेणात पुरण्याची जी चाल काही खेड्यांत आहे, तिने वीज उतरत नाही. मोलाची मिनिटे मात्र निघून जातात. भारतात विजेच्या धक्क्याने दर वर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरतात असे सरकारी नोंदी सांगतात. त्यांतील कितीजणांच्या छातीवर कोणी वेळेवर हात ठेवला असता तर ते वाचले असते?

शेवटी पावसाळ्याविषयी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर येऊन सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लिंबायत आणि परवत पाटियाकडे मिठी खाडीचे पाणी आजही अतिवृष्टीत घरांत शिरते, आणि नदीकाठच्या खेड्यांनाही हा अनुभव नवा नाही. पाणी ओसरले की प्रत्येकाला घाई असते ती लाईट सुरू करण्याची. बुडालेला मिक्सर वरून कोरडा दिसतो, पण मोटारीच्या वेटोळ्यांत गाळ व ओल राहिलेली असते. एक दिवस उन्हात ठेवून ती जात नाही. असे उपकरण वायरमनकडून उघडवावे, वाळवावे, मेगरने मोजून घ्यावे, आणि एक मेगओहम न भरल्यास भंगारात द्यावे. तोपर्यंत त्याचा प्लग दोरीने गुंडाळून फळीवर उंच ठेवावा, म्हणजे घरातील कोणी अजाणतेपणी तो सॉकेटात घालणार नाही.